रॉबिनच्या अंकातली बॅटगर्ल : कॅसांड्रा केनचं प्रकरण

सोलापुरात अमेरिकन कॉमिक्सचे महिन्याचे अंक सहसा कोणाच्या हाती पडत नाहीत. मिळतात ते पाच-सहा किंवा दहा-बारा अंक एकत्र बांधलेले संग्रह. तेही ऑनलाइन मागवलेले, ज्याची किंमत उतरली असेल तो आधी. त्यामुळे वाचनाचा क्रम पार्सल ठरवतं. अशा वाचकाने २००० साली सुरू झालेल्या ‘बॅटगर्ल’चा पहिला संग्रह वाचला आणि पाठोपाठ २००६ मधले ‘रॉबिन’चे अंक उघडले, तर मधला एखादा खंड राहून गेला असं त्याला वाटणारच. पहिल्या पुस्तकातली कॅसांड्रा केन जेमतेम एखादा शब्द उच्चारते आणि समोरचा माणूस मरू नये म्हणून स्वतःचा जीव पणाला लावते. दुसरीकडे तीच मुलगी मारेकऱ्यांच्या संघटनेची म्होरकी झाली आहे आणि आपण असं का वागलो हे रॉबिनला सफाईदार, लांबलचक वाक्यांत समजावून सांगते आहे.

वाचकाचा कुठलाही खंड राहिलेला नाही. हा बदल दाखवणारा खंड तेव्हा निघालेलाच नव्हता.

तरुण नायिका एका मालिकेतून दुसरीत गेली की तिचा स्वभावच पालटतो, ही तक्रार या क्षेत्रात नवी नाही. पण बहुतेक वेळा ती ‘ही अशी वागणारच नाही’ इतक्यावर थांबते. कॅसांड्राच्या बाबतीत नेमकं काय तुटलं, कुठल्या जागी तुटलं आणि नंतरच्या डागडुजीतली कुठली टिकली, हे अंकांवर बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून हे प्रकरण निवडलं आहे.

ही मुलगी कशावर उभी आहे

कॅसांड्रा पहिल्यांदा दिसते ती ‘बॅटमॅन’च्या ५६७व्या अंकात, जुलै १९९९ मध्ये. लेखक केली पकेट, चित्रकार डेमियन स्कॉट. भूकंपानंतर सरकारने वाऱ्यावर सोडलेल्या गॉथम शहराची ‘नो मॅन्स लँड’ ही मोठी कथा तेव्हा चालू होती. कॅसांड्राचा बाप डेव्हिड केन भाडोत्री मारेकरी. त्याने मुलीला भाषा शिकवलीच नाही. लहानपणापासून तिच्याशी कोणी बोललं नाही, तिच्यासमोर फक्त हालचाली झाल्या. परिणामी समोरच्याचा खांदा, टाच, श्वास बघून तो पुढच्या क्षणी काय करणार हे तिला कळतं. आठ वर्षांची असताना बापाने तिच्याकडून एक खून करवला. मरणाऱ्या माणसाच्या शरीरात तिने मरण ‘वाचलं’ आणि ती पळून गेली. त्यानंतर कोणालाही मारायचं नाही, हा तिचा निर्धार.

भाषा नाही, म्हणून शरीर वाचता येतं. शरीर वाचता येतं, म्हणून खुनाचा अर्थ इतर कोणाहीपेक्षा जास्त कळला. तो कळला, म्हणून ती मारत नाही. वरवर या तीन वेगळ्या खुणा वाटतात, पण त्या एकाच दोरीत ओवलेल्या आहेत. पहिली काढली की तिसरीला आधार उरत नाही.

पकेटला हे पक्कं ठाऊक होतं. मालिकेच्या सुरुवातीच्याच अंकांत दुसऱ्याचं मन वाचू शकणारा एक माणूस तिच्या मेंदूची रचना बदलतो आणि तिला भाषा समजू लागते. त्याच क्षणी शरीर वाचण्याची शक्ती जाते. लढाईत ती पहिल्यांदाच मार खाते. शक्ती परत मिळवण्यासाठी ती लेडी शिवा या निष्णात मारेकरी बाईशी सौदा करते: शिवाने शिकवायचं आणि वर्षभराने दोघींनी मरेपर्यंत लढायचं. ती लढत २५व्या अंकात होते. एका बदलाची किंमत वसूल व्हायला वीसेक अंक लागले. पुढे डिलन हॉरॉक्स आणि अँडरसन गॅब्रिच या लेखकांनी तिला हळूहळू जास्त बोलतं केलं, पण वाचन तिला जड जातं हे सांभाळलं. मूळची बॅटगर्ल बार्बरा गॉर्डन तिला शिकवू पाहते आणि दोघींचे खटके उडतात. ७३ अंकांनंतर २००६ मध्ये मालिका संपली. शेवटच्या अंकात कॅसांड्रा शिवाशी, म्हणजे स्वतःच्या आईशी, लढते आणि बॅटगर्लचा पोशाख टाकून निघून जाते.

स्कॉटचं काम इथे वेगळं नोंदवायला हवं. त्याच्या पानांवर संवादाविना चौकटींची रांगच्या रांग येते आणि गोष्ट अडत नाही. कॅसांड्राचा स्वभाव निम्मा चित्रकाराने लिहिलेला आहे. पात्र दुसऱ्या लेखकाच्या हाती देताना हा निम्मा भाग कागदावर उतरत नाही, कारण तो संवादात नसतोच.

उडी कुठे पडली

२००६ मध्ये ‘इन्फिनिट क्रायसिस’ ही सगळ्या मालिकांना कवेत घेणारी कथा संपताना डीसी या प्रकाशनाने बहुतेक सगळ्या मालिका एकदम एक वर्ष पुढे नेल्या. ज्यांची स्वतःची मालिका चालू होती, त्यांचं मधलं वर्ष नंतर भरून काढायला जागा होती. कॅसांड्राची मालिका बंद झालेली. तिचं हरवलेलं वर्ष सांगायला घरच उरलं नव्हतं.

‘रॉबिन’च्या १४८व्या अंकापासून लेखक ॲडम बीचन. बॅटगर्लच्या पोशाखात एक प्रेत सापडतं आणि आळ रॉबिनवर येतो. प्रेत दुसऱ्याच बाईचं निघतं. पुढे खुद्द कॅसांड्रा समोर येते ती ‘लीग ऑफ असॅसिन्स’ची प्रमुख म्हणून, आणि आपल्या बापाला, डेव्हिड केनला, मार असं रॉबिनला सांगते. तो नकार देतो.

रहस्यकथा म्हणून याची बांधणी वाईट नाही. रॉबिनला जवळचा शत्रू हवा होता, धक्का हवा होता, आणि ‘बापाला मार’ ही मागणी कागदावर नाट्यमय दिसते. पण खलनायिकेची जागा आधी तयार झाली आणि तिच्यात बसवायला नाव नंतर शोधलं, असंच ते अंक वाचताना जाणवतं. चार प्रश्न लावून पाहा. ती किती आणि कसं बोलते? पूर्वी संवादाच्या एका फुग्यात दोन-चार शब्द, इथे परिच्छेद. माहिती कुठून मिळवते? पूर्वी शरीरातून, इथे कटकारस्थान आणि निरोपांतून. हिंसेला का नकार देते? पूर्वी मरण वाचल्यामुळे, इथे नकारच नाही, आणि तो कधी गळून पडला याचं एकही दृश्य नाही. जवळची माणसं कोण? बार्बरा कथेच्या बाहेर. चारपैकी एखादं उत्तर बदललं तर ती वाढ असू शकते. चारही एकदम, किंमत न मोजता बदलली, तर मुलगीच बदलली.

दोरी इथे तुटली. मारण्यावरचा निर्बंध काढला, यावर बहुतेक वाचक चिडले. खरी तोड एक पायरी अलीकडे आहे. तिला फुकटात भाषा दिली तिथेच तिचा नकार निराधार झाला होता.

आधी खोटे इशारे वगळा

अशा तक्रारींचा बराचसा भाग मुळात विसंगती नसतो, म्हणून तपासणीची पहिली पायरी सोपी ठेवावी: ही तीच मुलगी आहे का? ‘बॅटगर्ल’ हे नाव १९६७ पासून बार्बरा गॉर्डनचं, ‘नो मॅन्स लँड’मध्ये थोडे दिवस हंट्रेसचं, मग कॅसांड्राचं, २००९ पासून स्टेफनी ब्राऊनचं आणि २०११ मध्ये पुन्हा बार्बराचं. मुखपृष्ठावर नाव एकच. ‘सुपरगर्ल’चंही तसंच: १९५९ ची कारा, १९८८ ची मेट्रिक्स, १९९६ ची लिंडा डॅनव्हर्स, २००४ मध्ये परतलेली कारा. पार्सलच्या क्रमाने वाचणाऱ्याला हा फटका सर्वांत आधी बसतो.

दुसरा इशारा दृष्टिकोनाचा. स्वतःच्या मालिकेत धडपडणारी मुलगी दुसऱ्याच्या मालिकेत आत्मविश्वासू दिसली तर बिघडलं काही नाही, बाहेरून माणसं तशीच दिसतात. तिसरा वयाचा. सोळा-सतरा वर्षांची मुलगी सहा महिन्यांत बदलते, आणि तो बदल पानावर दिसला तर लेखकाचं कौतुकच करावं. हे तिन्ही वगळून जे उरतं तेवढंच तपासायचं.

मुलींच्याच वाट्याला हे जास्त का

कारण बरंचसं छापखान्याच्या गणिताचं आहे. त्या काळच्या मासिक अंकात कथेची २२ पानं. पाहुण्या पात्राला त्यातली तीन-चार मिळतात, म्हणजे वीसेक चौकटी. तेवढ्यात नायकाच्या कथेला उपयोग होईल असं एकच काम तिच्याकडून करून घेता येतं: फितूर हो, मर, प्रेमात पड. तरुण पुरुष नायकालाही असा पाहुणचार मिळतो, पण त्याची स्वतःची मालिका बहुधा शेजारी चालू असते आणि पुढच्या महिन्यात तो घरी परततो. तरुण नायिकांच्या मालिका लवकर बंद पडतात. मग वर्षानुवर्षं ती फक्त पाहुणीच राहते आणि प्रत्येक यजमान तिला आपल्या सोयीने वाकवतो.

मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनाच्या कमला खानचं उदाहरण ताजं आहे. २०१४ ची ‘मिस मार्व्हल’ मालिका जर्सी सिटीतलं तिचं घर, मशीद, मैत्रिणी यांवर उभी होती. २०२३ मध्ये तिचा मृत्यू घडला तो ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २६व्या अंकात, जिथे ती दुय्यम पात्र होती. मृत्यूचा भार तिच्या माणसांऐवजी पीटर पार्करच्या दुःखाच्या खात्यावर जमा झाला. काही महिन्यांतच तिला परत आणलं, तो भाग वेगळा.

उलट उदाहरणही आहे. लॉरा किनी, म्हणजे एक्स-२३, २००३ मध्ये टीव्हीच्या कार्टूनमध्ये आली. पुढच्याच वर्षी ‘एनवायएक्स’ या कॉमिकने तिला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, देहविक्रयात अडकलेली दाखवलं. दोन्हींचा मेळ बसणं कठीण होतं. पण क्रेग काइल आणि क्रिस योस्ट या तिच्या मूळ निर्मात्यांनाच तिचा भूतकाळ लिहायला मिळाला. २००५ च्या ‘इनोसन्स लॉस्ट’मध्ये त्यांनी बालपण सांगितलं, २००७ च्या ‘टार्गेट एक्स’मध्ये तिथून रस्त्यापर्यंतचा धागा जोडला. विसंगत सुरुवात असूनही पात्र सावरलं, कारण शिवणारे हात तेच होते.

डागडुजी

कॅसांड्रावर निदान तीन प्रकारची डागडुजी झाली, आणि त्यांचा दर्जा सारखा नाही.

पहिली औषधाची. २००७ च्या ‘टीन टायटन्स’मध्ये (४३व्या अंकापासूनची ‘टायटन्स ईस्ट’ कथा) खुलासा होतो की डेथस्ट्रोक या भाडोत्री मारेकऱ्याने तिला औषध टोचून ताब्यात ठेवलं होतं. रॉबिन उतारा देतो, ती भानावर येते. खून करण्याचा खुलासा यातून होतो. अस्खलित व्याकरणाचा होत नाही. कुठलंही औषध टोचून कोणाला शब्दसंग्रह मिळत नाही. शिवाय अशा खुलाशाने पात्राची जबाबदारीही धुऊन निघते: तिने काही केलंच नव्हतं, म्हणून तिला पश्चात्तापही नाही, वाढही नाही.

दुसरी डागडुजी स्पष्टीकरणाची. २००८ ची सहा अंकांची ‘बॅटगर्ल’ मालिका पुन्हा बीचनचीच होती. राहिलेले खड्डे भरण्यात आणि मागचं निस्तरण्यात तिची बरीच पानं गेली. शेवटी ब्रूस वेन तिला दत्तक घेतो, हे तिचं टिकाऊ योगदान. पण पुढच्याच वर्षीच्या नव्या मालिकेच्या पहिल्याच अंकात ती पोशाख स्टेफनीला देऊन चालती होते. स्टेफनीची ती मालिका छान आहे. तिच्यासाठी जागा मात्र कॅसांड्राला घाईने उठवून केलेली आहे.

तिसरी डागडुजी पाटी कोरी करण्याची. २०११ मध्ये डीसीने सगळं विश्व नव्याने सुरू केलं, त्यात कॅसांड्रा नव्हतीच. ती परतली ऑक्टोबर २०१५ मध्ये, ‘बॅटमॅन अँड रॉबिन इटर्नल’मध्ये, आणि मग २०१६ पासून जेम्स टायनियनच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये ‘ऑर्फन’ या नावाने. टायनियनने जुन्या घोळाचा खुलासा करण्याच्या भानगडीत पडण्याऐवजी मूळ दोरी परत ओवली. ती पुन्हा जवळजवळ मूक, शरीर वाचणारी, मारायला नकार देणारी. तिला शब्द हवेसे वाटतात आणि ते मिळवायला तिला कष्ट पडतात. क्लेफेसशी, म्हणजे स्वतःच्या शरीराचा आकार न उरलेल्या माणसाशी, तिची मैत्री होते. शरीर वाचणाऱ्या मुलीला याहून नेमका सोबती सापडला नसता. तरुण वाचकांसाठीच्या २०२० च्या ‘शॅडो ऑफ द बॅटगर्ल’मध्ये लेखिका सारा कून तिला ग्रंथालयात आसरा घेऊ देते, म्हणजे ज्या गोष्टीला ती पारखी आहे तिच्या मधोमध आणून ठेवते. दोन्ही पुस्तकांतले तपशील जुन्या मालिकेशी जुळत नाहीत. तरीही मुलगी तीच वाटते.

सोलापुरातली मुलगी घेऊन पाहू

आता हेच घरच्या मापाने. समजा, इथल्या दोन लेखकांनी आणि एका चित्रकाराने मिळून वेबकॉमिक सुरू केलं. नायिका सतरा वर्षांची, साखर पेठेतल्या पद्मशाली घरातली. घरी तेलुगू, शाळा मराठी. आई बिड्या वळते, वडील यंत्रमागावर. लहानपण मागाच्या खडखडाटात गेल्याने तिला कमी ऐकू येतं, पण ओठ वाचता येतात. कारखान्यात बोलणं मुळातच हाताच्या खुणांनी चालतं, त्यामुळे खुणाही पक्क्या. गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर शोभेचं दारूकाम चालू असताना कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. तिथे पन्नास फुटांवरचा कट तिला एकटीला कळतो. पहिला भाग जमतो.

तिसरा भाग दुसरा लेखक लिहितो, आणि घोळ ठराविक जागी होतात. तिला अंधारात फोनवरून धमकी ऐकू येते. मुखवटा घातलेल्या खलनायकाचं भाषण ती शब्दन्‌शब्द समजून घेते. पाठीमागून आलेल्या हाकेला वळून बघते. आईला ‘आई’ म्हणते, बहिणीला ‘ताई’, जिथे पहिल्या भागात ‘अम्मा’ आणि ‘अक्का’ होतं. आणि बोलते अशी: ‘मला सर्व काही समजले आहे. आता तुझा शेवट निश्चित आहे!’ हीच चौकट पहिल्या लेखकाच्या हाती अशी असती: ‘तोंड दाखव. मग बोल.’

सोलापुरी चादरीवरचा मोर ज्या जकार्डच्या पंच कार्डांनी उमटतो, त्यातलं एक कार्ड भलत्याच नक्षीचं लागलं तर धागा तुटत नाही, माग थांबत नाही, फक्त कापड भलतंच उतरतं. पात्राचंही असंच होतं, म्हणून लिहिणाऱ्याला ते जाणवत नाही.

उपाय एका पानाचा. ए-फोर कागदावर, दुसऱ्या लेखकाला पहिल्या दिवशी द्यायचा. त्यावर सर्वांत वर ती काय करू शकत नाही ते लिहावं, कारण शक्ती सगळ्यांच्या लक्षात राहतात आणि मर्यादा कोणाच्याच राहत नाहीत: अंधारात, फोनवर, मुखवट्यासमोर, पाठीमागून. मग ती काय कधीच करणार नाही आणि ते ज्या दृश्यातून आलं तो भाग, चौकटीच्या क्रमांकासह. कोणाला काय हाक मारते. फुग्यात सरासरी शब्द किती, आपल्या मुलीसाठी चार ते सहा धरू. शेवटी आतापर्यंत तिच्यात काय बदललं आणि त्याची तिने काय किंमत मोजली. ही शेवटची ओळ रिकामी असेल तर काहीही बदललेलं नाही असं समजावं. जन्मतारीख, उंची, आवडता रंग यांनी पान भरू नये. कॉमिक्सच्या पात्रनोंदी बहुधा याच तपशिलांनी फुगतात आणि विसंगती यांतून कधी येत नाही.

चित्रकारासाठी पानाच्या मागे तीन लहान रेखाटनं: ऐकताना मान कशी कलते, समोरच्याचं तोंड दिसावं म्हणून ती कुठे उभी राहते, रागात हात काय करतात. स्कॉटने जे निम्मं काम पानावर केलं होतं ते याच जागी नोंदायचं.

नवी संहिता आली की पाच पानांमागे पंधरा मिनिटं पुरतात. तिचं नाव झाकून फक्त तिचे फुगे वाचा, दुसऱ्या कोणाच्या तोंडी सहज खपले तर परत पाठवा. मग तिला माहिती मिळते त्या प्रत्येक चौकटीवर खूण करून विचारा: बोलणाऱ्याचं तोंड तिला दिसतंय का, उजेड आहे का? चित्रं काढून झाल्यावर हे सापडलं तर अख्खं पान जातं, म्हणून ही तपासणी कच्च्या आराखड्यावरच उरकावी.

अक्षरलेखनाचा टप्पा विसरला जातो. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं आणि तेवढ्याच मजकुराचा फुगा मोठा होतो. १२-१५ शब्दांच्या पुढे चित्र झाकलं जातं. जागा कमी पडली की आधी कापली जातात ती बोलण्यातली वळणं, ‘बे’, ‘की’, ‘अम्मा’, कारण ती अर्थाला अनावश्यक दिसतात. उलट मूक चौकट रिकामी वाटली की कोणीतरी तिथे वाक्य घालतं. दोन्हींना मनाई आहे असं पानावरच लिहून टाकावं.

वाचायचं असेल तर

पकेटचा काळ ‘सायलेंट नाइट’, ‘टू द डेथ’ आणि ‘पॉइंट ब्लँक’ या तीन संग्रहांत मिळतो. एकच परवडत असेल तर पहिला घ्या, दोन परवडत असतील तर पहिले दोन, म्हणजे शिवाशी केलेला सौदा आणि त्याची फेड दोन्ही हाती येतात. त्यानंतर थेट २०१६ चे ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’, अंक ९३४ पासून. ‘रॉबिन’चे १४८ ते १५१ हे अंक चित्रकथा लिहिणाऱ्याने जरूर वाचावेत, पण आधीचं वाचून झाल्यावर आणि ते चार प्रश्न शेजारी लिहून. नुसत्या वाचकाने वगळले तरी चालतील. २००८ ची सहा अंकी मालिका कोणी अर्ध्या किमतीत देत असेल, तरच.